कॉलेज बास्केटबॉलमध्ये बेंचवर बसणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षी जास्त खेळायला मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या भाच्याचं अमेरिकेतल्या कॉलेजच्या संघातलं पहिलं वर्ष संपलं, सामन्यामागे जेमतेम चार-पाच मिनिटं मिळाली, तीही बहुतेकदा निकाल स्पष्ट झाल्यावर, आणि आता तो कॉलेज बदलायचं म्हणतोय. मी तिकडे एम.एस. करत असताना दोन हंगाम कॉलेजच्या संघाचा स्टुडंट मॅनेजर होतो. टॉवेल-पाणी, सरावात चेंडू गोळा करणं, रात्री बसून सामन्यांचे व्हिडिओ कापणं, सगळं केलं. सामन्यात माझी जागा बेंचच्या टोकाला असायची, त्यामुळे तिथल्या मुलांचे दिवस कसे जातात ते जवळून पाहिलंय.

आधी हिशेब करा. सामना 40 मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला एकूण 200 मिनिटं. पाच मुख्य खेळाडूंनी तीस-तीस घेतली की 150 संपली. उरलेल्या 50 मध्ये तीन-चार जण. संघात मुलं पंधराच्या आसपास असतात, पण अटीतटीच्या सामन्यात आठ-नऊच खेळतात. म्हणून भाचा किती चांगला खेळतो यापेक्षा आधी हे बघा की त्याच्या जागेवरचे कोण-कोण यंदा जाताहेत.

ड्यूक विद्यापीठाच्या संघातला ग्रेसन ॲलन आठवतो. 2014-15 मध्ये पहिल्या वर्षाला होता, सामन्यामागे 9 मिनिटं आणि साडेचार गुणही नाहीत. हंगाम चालू असताना ड्यूकचे दोन खेळाडू बाहेर पडले आणि शिष्यवृत्तीवरचे आठच उरले, तेव्हा कुठे त्याच्याकडे नजर वळायला लागली. मार्चमध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाविरुद्धच्या एकतर्फी सामन्यात त्याने 27 गुण काढले. असे सामने मुलांना कमीपणाचे वाटतात, पण कोच तेही बघत असतो. पुढे कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विस्कॉन्सिनविरुद्धच्या अंतिम सामन्यात ड्यूक 9 गुणांनी मागे असताना ॲलनने सलग 8 गुण केले, एकूण 16, आणि ड्यूकने 68-63 ने विजेतेपद घेतलं. त्यानंतर ड्यूकच्या मुख्य खेळाडूंपैकी ओकाफोर, विन्स्लो आणि टायस जोन्स एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेले, क्विन कुकचं शिक्षण संपलं. पुढच्या हंगामात ॲलन सामन्यामागे 36 मिनिटांहून जास्त खेळला आणि सरासरी होती 21.6 गुणांची. त्याने उन्हाळ्यात मेहनत घेतली असेलच, पण जागाही रिकामी झाली होती.

मात्र आज जागा रिकामी झाली म्हणजे ती भाच्यालाच मिळेल असं नाही. 2021 पासून डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, कॉलेज बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. त्यामुळे भाच्याला जाणं जितकं सोपं झालंय, तितकंच त्याच्या कोचलाही दुसरीकडचा तयार बावीस वर्षांचा खेळाडू आणणं सोपं झालंय. पूर्वी थांबलेल्या मुलाचा नंबर आपसूक लागायचा, आता लागेलच असं नाही. मला हे आवडत नाही, पण ते धरूनच चालायला हवं.

आता जे मी स्वतः पाहिलं ते सांगतो. आमच्याकडे दुसऱ्या वर्षाला दोन गार्ड, म्हणजे चेंडू हाताळणारे बाहेरच्या बाजूचे खेळाडू, होते. एकाचा नेम अप्रतिम, सरावात थांबायचाच नाही. दुसरा नेमबाजीत सुमार. आठवडाभर सरावात प्रतिस्पर्धी संघ बनून खेळायचं काम या दुसऱ्याकडे असायचं, म्हणून समोरच्यांच्या सगळ्या चाली त्याला नावानिशी पाठ. बेंचवरूनही तो ‘डावीकडून स्क्रीन येतोय’ (म्हणजे आपल्या खेळाडूची वाट अडवायला समोरचा एक जण उभा राहतोय) असं ओरडत राहायचा. एका सामन्यात पहिल्या हाफमध्येच आमच्या दोन्ही मुख्य गार्डना दोन-दोन फाउल झाले. पाच फाउलांना खेळाडू बाद होतो, म्हणून त्यांना बाहेर बसवावं लागलं. कोचने आधी नेमवाल्याला पाठवलं. त्याने आल्या आल्या घाईचा शॉट मारला, मग लागोपाठ दोनदा त्याचा माणूस स्क्रीनमागून सुटला. दीड मिनिटात परत. मग दुसरा गेला आणि हाफ संपेपर्यंत सात मिनिटं टिकला. आकडे मीच भरत होतो. गुण शून्य, टर्नओव्हर (चेंडू गमावणं) शून्य, फाउल एक. पुढच्या सामन्यात त्याला बारा मिनिटं मिळाली.

बेंचवरच्या मुलाला वाटतं की मिळालेल्या चार मिनिटांत गुण काढून दाखवावेत. कोचला त्या चार मिनिटांत एवढंच बघायचं असतं की हा आत असताना आपलं नुकसान होत नाही ना. गुण करायला मैदानात बाकीचे चौघे असतात. डिफेन्समध्ये बोलणं, आपला माणूस न सोडणं, रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू परत येताना, समोरच्याला अडवून धरणं, यावर मिनिटं वाढताना मी पाहिली आहेत.

पण तो नेमवाला वाया गेला असं समजू नका. वसंतात तो लहान कॉलेजात गेला, आणि एक हंगाम थांबून तिथे मुख्य पाचात आला. आमच्याकडे राहिला असता तर कदाचित बसूनच राहिला असता. म्हणून ‘जाऊ नको’ असं मी सरसकट म्हणणार नाही.

आणि मुख्य पाचात नाही म्हणजे खेळाडू नाही, हेही डोक्यातून काढा. डेव्हिन बुकर केंटकी विद्यापीठाच्या एकाही सामन्यात सुरुवातीपासून खेळला नाही, तरी एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्याला 13 व्या क्रमांकावर घेतलं. विलानोव्हा विद्यापीठाच्या डॉन्टे डिव्हिन्चेन्झोने राष्ट्रीय स्पर्धेचा 2018 चा अंतिम सामना बेंचवरून येऊन 31 गुणांनी गाजवला. त्याचं कॉलेजचं पहिलं वर्ष पायाच्या दुखापतीत गेलं होतं, संघ 2016 मध्ये विजेता ठरला तेव्हा तो बाहेरच होता.

भाच्याला सांगा, हंगाम संपल्यावर कोचबरोबर जी वैयक्तिक बैठक होते तिथे ‘मला का खेळवत नाही’ असं विचारू नको. ‘पुढच्या वर्षी माझ्या जागेवर बाहेरून कोणाला आणताय का’ आणि ‘आज मला आत पाठवताना तुम्हाला कशाची धास्ती वाटते’ असं विचार. सहायक कोच जास्त मोकळेपणाने बोलतात, त्यांनाही गाठायला हवं. हे त्याने स्वतःच विचारायचं. मामा-मावशीचा किंवा आईवडिलांचा फोन गेलेला कोचला अजिबात आवडत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेमकं आलं, उदाहरणार्थ ‘तुझा डावा हात कच्चा आहे, वजन कमी आहे’, तर एक उन्हाळा तिथेच थांबायला माझा कौल. उत्तर गुळमुळीत आलं आणि त्याच्या जागेवर दोन नवे येणार असतील तर कॉलेज शोधायला लागावं. फक्त त्याला शिष्यवृत्ती असेल तर ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या ऑनलाइन यादीत, नाव घालण्याआधी ही बैठक होऊ दे. एकदा नाव गेलं की पुढच्या सत्राची शिष्यवृत्ती चालू ठेवायला कॉलेज बांधील राहत नाही, आणि परत घ्यायचं की नाही हेही तेच ठरवतात.