गोचीड कुत्र्यावर थोडे, भिंतीत जास्त

प्रश्न : ताई, नमस्कार. पोरीच्या हट्टापायी आणलेलं पांढरं पामेरियन हाय आमच्या घरी, दीड वर्षाचं, वजन साडेतीन किलो, नाव चिंटू. चैतापासून त्याले गोचीड लागून रायले. रोज संध्याकाळी बाजेवर बसून पंधरा-वीस काढतो, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच. कृषी केंद्रवाला म्हणते बैलाच्या गोचिडाचं औषध लावा, एका दिवसात साफ. शेजारचा म्हणते तुमच्या म्हशीमुळंच येते. मी तं कंटाळलो बाप्पा, काय करू ते सांगजा.
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : दादा, आधी ती बाटली कपाटात ठेवा न् कुलूप लावा, बाकीचं मग बोलू. बैल साडेतीनशे किलोचा, चिंटू साडेतीन किलोचा, म्हणजे शंभर चिंटू मिळून एक बैल, आणि बाटलीतून ओतताना हात तर बैलाच्याच अंदाजाने चालतो ना. त्यात पामेरियनचे केस दाट, औषध केसात मुरून बसतं आणि हा दिवसभर चाटत राहतो. गेल्या पोळ्याच्या सुमारास एक बाई टॉवेलात गुंडाळून असंच एक पिल्लू घेऊन आल्या होत्या, टॉवेल उघडला तर औषधाचा भपकारा, तोंडातून लाळेची तार, हिरड्या पांढऱ्या, अंग गार, हाक मारली तर नुसता कान हलवायचं. अमिट्राझ नावाचं जनावराच्या गोचिडाचं औषध, पाण्यात न घालता तसंच चोळलं होतं. दोन दिवस सलाईनवर राहून वाचलं ते, पण सगळेच वाचत नाहीत.

कपाशीच्या फवारणीचं औषध तर अजिबातच नको. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळात शेतकरी-शेतमजूर गेले, ते तुम्हाला मी सांगायला नको. काही जण म्हणतात की फिप्रोनिल हे कीटकनाशक कुत्र्याच्या औषधातही असतं आणि शेतीच्याही, मग शेतीचं स्वस्त पडते. नाव तेच आहे हो, पण त्यात मिसळलेली बाकीची द्रव्यं वेगळी आणि प्रमाणही वेगळं, ते कातडीवर टाकायला बनवलेलंच नाही.

आता म्हशीचं. म्हशीवर बिचारीवर उगाच आळ. गाई-म्हशींचे गोचीड बहुतेक करून वेगळ्या जातीचे असतात, कुत्र्यावर जो तपकिरी गोचीड दिसतो त्याला तिन्ही अवस्थांत कुत्राच लागतो. आणि तुम्ही रोज काढता तरी रोज तेवढेच का येतात त्याचं उत्तर यातच आहे. अंड्यातून निघालेलं बारीक सहा पायांचं पिल्लू चिंटूवर चढतं, रक्त पितं, खाली पडतं, भेगेत जाऊन कात टाकतं, परत चढतं, परत पडतं, असं तीनदा. शेवटी मादी फुगून एरंडीच्या बीएवढी होते, खाली उतरते आणि भिंत चढून वर फटीत हजारो अंडी घालून मरते. गरम हवेत हे सगळं दोन-अडीच महिन्यांत उरकतं, आणि मोठा गोचीड उपाशीपोटी वर्षभरसुद्धा तग धरू शकतो. म्हणजे तुम्ही पंधरा-वीस काढता ते फक्त जेवायला आलेले, बाकीची वरात भिंतीत बसून आहे.

आज रात्री बॅटरी घेऊन छपरीत बघा. बाजेच्या माचव्याच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे, कवेलूखालच्या वाशांत, चिंटू जिथे झोपतो त्या पोत्याखाली. दिसतील. पोतं जाळून टाका, त्याची गोधडी उकळत्या पाण्यात घाला, बाजेच्या सांध्यांवरही उकळतं पाणी ओता. भिंतीच्या भेगा सिमेंटने नाहीतर चुन्याने बुजवा, नुसतं सारवून भागत नाही, सारवण वाळलं की परत भेग पडते. भिंतीवर मारायचं औषध पशुवैद्यकाला विचारूनच आणा, मारताना चिंटू, कोंबड्या, मांजर, वैरण सगळं बाहेर, पूर्ण वाळल्यावरच आत, आणि उरलेलं पाणी विहिरीकडे नाहीतर नाल्यात जाऊ देऊ नका, मासे मरतात. एकदा मारून होत नाही. अंडी वाचतात, त्यामुळे दोनेक आठवड्यांनी परत.

चिंटूच्या अंगासाठी दोन मार्ग. एक, मानेवर टाकायचे थेंब. फिप्रोनिलची १० किलोखालच्या कुत्र्याची नळी ०.६७ मिलीची येते, दोन खांद्यांच्या मधे केस बाजूला सारून थेट कातडीवर टाकायची, केसांवर नाही, पामेरियनमध्ये अर्धे लोक इथेच चुकतात आणि मग औषध लागू पडत नाही म्हणतात. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. मोठ्या कुत्र्याची नळी आणून अर्धी वापरू नका, अर्धं मोजता येत नाही. दुसरा, महिन्याला एक द्यायची चघळायची गोळी, नेक्सगार्डसारखी, तिची सगळ्यात लहान २ ते ४ किलोची येते म्हणजे चिंटू बसतो. यात गोचीड चावल्यावर मरतो, म्हणून गोळी दिल्यावरही एखाददुसरा चिकटलेला दिसला तर घाबरू नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. काहीही निवडा, पण निदान तीन-चार महिने सलग चालवा, एका महिन्यात अंग साफ दिसलं की लोक थांबतात आणि भिंतीतले तेवढ्याचीच वाट पाहत असतात.

हाताने काढताना चिमट्याने कातडीला लागून पकडायचा आणि सरळ ओढायचा. पिरगाळायचा नाही, घासलेट नको, चिकटलेल्या गोचिडाला बिडीचा चटका तर नकोच, आणि नखावर चिरडायची जी सवय आहे ती सोडा. स्पिरिटच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या डबीत टाकला की झालं. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली, शेपटीखाली, जांघेत बघत जा.

आणि चिंटू जेवण सोडून कोपऱ्यात बसला, ताप आला, हिरड्या फिक्या दिसल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. हा गोचीड ताप, रक्त तपासल्याशिवाय कोणता ते कळत नाही, एर्लिकिया नावाचा जंतू असेल तर डॉक्सिसायक्लिन हे औषध बहुधा २८ दिवस चालतं, बबेसिया नावाचा रक्तातला परजीवी असेल तर औषध वेगळं. एवढ्याशा कुत्र्यात एकूण रक्तच पाव लिटरच्या थोडं वर, कमी व्हायला वेळ लागत नाही. तालुक्याला तपासणी झाली नाही तर अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे, नागपूरला सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

प्रश्न : ताई, आमच्या पिल्लाले, पाच आठवड्यांचं हाय, पिसवा झाल्या. आजी म्हणते सीताफळाच्या बियांची पूड तेलात लावा, आम्ही लहानपणी डोक्यातल्या उवांले लावत होतो. लावू का? आन् त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसते.
– एक वाचक, जि. चंद्रपूर

उत्तर : आजीचा मान राखा, पण पूड नका लावू. ती डोळ्यात गेली तर डोळ्याची वाट लागते, आणि पिल्लू पंजाने आधी तोंडच पुसतं. तंबाखूचं पाणी, डांबर गोळी, कापूर हेही नको.

पाच आठवड्यांचं म्हणजे थेंबही नकोत, आठ आठवडे व्हायचेत. आता फक्त कोमट पाणी, लहान बाळाचा साधा साबण आणि बारीक दातांची फणी. आधी मानेभोवती साबणाचा फेस करा, नाहीतर अंग ओलं झालं की पिसवा तोंडाकडे पळतात. लगेच कोरडं करून उबेत ठेवा, आणि आईवर असतील तर तिच्यावर इलाज करा, नाहीतर एकीकडे धुताय, दुसरीकडे भरताय. फणीत काळी बारीक रेती आली तर ओल्या पांढऱ्या कापडावर टाका, लाल ओघळ सुटला तर ती रेती नाही, पिसवेची विष्ठा आहे, म्हणजे पचलेलं रक्त. एक पिसू दिवसाला चाळीसेक अंडी घालते आणि ती घरंगळून गोधडीत, जमिनीत जातात, म्हणून रोज झाडा आणि केर घराबाहेर टाका.

ती कणी म्हणजे पट्टकृमीचे तुकडे. चाटताना पिसू पोटात गेली की हा जंत होतो. जंताचं औषध वजनावर असतं, पिल्लू घेऊन जा आणि वजन तिथेच करा.

प्रश्न : स्क्रब टायफसची बातमी ऐकून घरचे म्हणून रायले कुत्रं सोडून द्या. खरं का?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : नका सोडू. २०१८ ला नागपूर आणि आजूबाजूला स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले तेव्हाही असंच सुरू झालं होतं. तो ताप गोचिडाने किंवा पिसवेने होत नाही, झुडपात-गवतात असणाऱ्या माइट नावाच्या अगदी बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्याने होतो, डोळ्याला धड दिसतही नाही ते. धुऱ्यावर जाताना पूर्ण कपडे घाला, घरी आल्यावर आंघोळ करा, आणि तापासोबत अंगावर कुठे काळ्या खपलीचा डाग दिसला तर डॉक्टरांना दाखवा. कुत्र्याचा गोचीडही माणसाला क्वचित वेगळा ताप देऊ शकतो, पण त्यावरचा इलाज वर दारव्ह्याच्या दादांना सांगितलाच आहे, त्यात कुत्रं सोडून देणं कुठेच नाही.