‘फास्ट अँड फ्युरियस’ प्रकरणी अमेरिकी काँग्रेसच्या अवमानाचा ठराव होऊनही एरिक होल्डर यांच्यावर खटला का चालला नाही?

कारण असा खटला भरतो न्याय विभागाचा सरकारी वकील, आणि त्या विभागाचे प्रमुख होल्डर स्वतःच होते. ‘फास्ट अँड फ्युरियस’ या मोहिमेत तस्करांचा माग काढायचा म्हणून एटीएफने (न्याय विभागाच्याच अखत्यारीतली, बंदुकांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणारी संस्था) सुमारे २,००० बंदुका त्यांच्या हाती जाऊ दिल्या. डिसेंबर २०१० मध्ये सीमा गस्तीवरचा जवान मारला गेला, तिथे त्यांतल्या दोन बंदुका सापडल्या. प्रतिनिधिगृहाने (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने) या मोहिमेची कागदपत्रं मागितली, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ती न देण्यासाठी अध्यक्षांचा विशेषाधिकार पुढे केला, आणि २८ जून २०१२ रोजी अवमानाचा ठराव २५५ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाला. विभागाने खटला भरायला नकार दिला. हितसंबंधांचा हा गुंता मला गंभीर वाटतो. मात्र सभागृह अगदीच हतबल नव्हतं: त्यांनी दिवाणी दावा लावला आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने बरीच कागदपत्रं द्यायला लावली.