दहावीतल्या मुलाच्या फोनमध्ये त्याला न कळता लक्ष ठेवणारं ॲप टाकावं का?

टाकू नका. कोपरखैरण्यात माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे आणि हेच विचारायला आई-वडील नेहमी येतात. काउंटरवर वाकून, हळू आवाजात: "त्याला कळता कामा नये, पण आम्हाला सगळं दिसलं पाहिजे." मी ते काम घेत नाही. गिऱ्हाईक चिडतं आणि पुढच्या दुकानात जातं.

तुम्ही लिहिलंय की मुलगा रात्री एक-दीडपर्यंत फोनवर असतो आणि तुम्ही खोलीत आलात की स्क्रीन बंद करतो. आधी त्या ॲपचं सांगतो. लपून काम करणारी ॲप्स गुगल प्ले स्टोअरवर ठेवू देत नाही, म्हणून ती बाहेरून उतरवावी लागतात. त्यासाठी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोकादायक ॲप्स पकडणारी फोनमधली गुगलची तपासणी, बंद करायला सांगतात. मग ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात, म्हणजे स्क्रीनवर जे दिसेल ते वाचायची मुभा. हे सगळं कुणाच्या तरी सर्व्हरवर जाऊन पडतं. परक्या माणसांपासून पोराला जपायचं म्हणून त्याचं चॅट परक्याच माणसाच्या हवाली करायचं, हा कुठला न्याय? शिवाय पोरांना कळतंच. बॅटरी लवकर उतरायला लागली की तीही माझ्याकडेच येतात, "काका, बघा ना, यात काही टाकलंय का." मग फोन रिसेट होतो, नाहीतर मित्राचा जुना हँडसेट वायफायवर सुरू होतो. तुम्ही जे अकाउंट बघत बसता ते नातेवाइकांना दाखवायचं असतं, खरं वेगळंच.

स्क्रीन बंद करतो हे फार मनाला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा तिथे कुणाची तरी टिंगल चाललेली असते, क्लासमधल्या मुलीचा विषय असतो, नाहीतर स्नॅपचॅटची स्ट्रीक. स्ट्रीक म्हणजे दोघांनी रोज एकमेकांना स्नॅप पाठवायचा; चोवीस तासांत गेला नाही की इतक्या दिवसांचा आकडा गेला. म्हणून रात्री बारा वाजता पंख्याचा, भिंतीचा, कशाचाही फोटो जातो. परीक्षेच्या दिवसांत काही जण पासवर्ड मित्राकडे देऊन ठेवतात, आकडा तुटू नये म्हणून. आपल्याला हे खुळ्यासारखं वाटतं. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून रात्री अकराला भांडणारे लोक मात्र शहाणे!

माझ्या जिवाला घोर लागतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मध्यंतरी तुमच्या मुलाच्या वयाचा एक जण आला. विचारतो, "काका, सिम बदललं तर समोरच्याला नवा नंबर कळतो का?" एवढ्या वयात असला प्रश्न उगाच पडत नाही. दुकान रिकामं होईपर्यंत त्याला बसवून घेतलं. मग हळूहळू बाहेर आलं: इन्स्टावर मुलीच्या नावाने ओळख, व्हिडिओ कॉल, त्याचं रेकॉर्डिंग, आणि आता "पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या फॉलोअर्सना पाठवतो." क्लासच्या रिक्षाचे पैसे देऊन संपले होते. घरी का नाही सांगितलंस, तर म्हणे, "पप्पा फोन काढून घेतील."

घरात कुठल्याही चुकीला 'फोन जप्त' हीच एक शिक्षा असेल, तर अडकलेलं पोरगं तुमच्याकडे येणार नाही. गुपचूप टाकलेलं ॲप सापडलं तर मुळीच नाही. त्यापेक्षा आजच त्याला सांगा की कुणी धमकावलं, फोटो मागितला, पैसे मागितले तर मला सांग, फोन तुझ्याकडेच राहील. आणि शब्द पाळा.

त्या मुलाला सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो. आणखी एक रुपया द्यायचा नाही, दिला की मागणी वाढते. चॅट डिलीट करायचं नाही, आधी नंबर, प्रोफाइल, पैसे गेल्याची पावती, सगळ्याचे स्क्रीनशॉट. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांवरच्या गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. १८ वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सोय आहे: फोटो कुठेही अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याची डिजिटल खूण तयार होते आणि इन्स्टाग्राम, फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्या तिच्यावरून तो शोधून काढून टाकतात. व्हॉट्सॲपसारख्या एनक्रिप्टेड चॅटमध्ये, जिथे कंपनीलाही मजकूर दिसत नाही, तिथे मात्र तिचा उपयोग नाही. हे ऐकल्यावर पोराने दुकानातूनच आईला फोन लावला.

जागरणाचं औषध उघडपणे करा. फॅमिली लिंक हे गुगलचं पालकांसाठीचं ॲप त्याच्यासमोर बसून लावा; त्यात वेळ आणि ॲप्स दिसतात, मेसेज दिसत नाहीत, आणि तेवढं पुरे. इन्स्टाच्या अकाउंटवर जन्मसाल काय टाकलंय ते त्याला विचारा. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून तिथे अल्पवयीनांची अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प राहतात आणि १६ च्या आतल्यांना यात सूट हवी असेल तर पालकांची परवानगी लागते. पण पाचवी-सहावीत अकाउंट उघडताना वाट्टेल ते साल टाकलेलं असतं, त्यामुळे इन्स्टाच्या लेखी तुमचा मुलगा कदाचित पंचविशीचा बाप्या असेल. फोन पूर्ण काढून घेणं दहावीच्या वर्षात जमणारही नाही, क्लासच्या नोट्स व्हॉट्सॲपवरच येतात.

जेवण तुटलं, सारखे पैसे लागायला लागले, अचानक नंबर बदलायचा हट्ट धरला, असं काही दिसलं तर मात्र थांबू नका. बोलायला तुम्हालाच धीर होत नसेल तर १४४१६ ला फोन करा. टेली मानसची ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.