मॉर्मन मिशनवर जपानला गेलेला मुलगा तिथे दिवसभर करतो तरी काय?

तुमच्या शेजारच्या अमेरिकन कुटुंबातला मुलगा शाळा संपताच दोन वर्षांसाठी मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जपानला चाललाय आणि तो तिथे नेमकं काय शिकवणार, असं तुम्ही विचारलंय. मॉर्मन हा अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ. मी स्वतः मॉर्मन नाही. पण नागोयात नोकरीला असताना त्यांच्या फुकट इंग्रजी वर्गाला मदत करायचो, त्यामुळे ही पोरं जवळून पाहिलीत.

पगार वगैरे काही नसतो, उलट खिशातले जातात. 2020 मध्ये अमेरिकन मिशनरींसाठी ती रक्कम महिना 500 डॉलर झाली. कुठल्या देशात जायचं हे चर्च ठरवतं. युटामधल्या प्रोव्होला दोनेक महिने जपानी घोटून घेतात आणि मग थेट रस्त्यावर.

सकाळी साडेसहाला उठायचं, व्यायाम, मग धर्मग्रंथ आणि भाषेचा अभ्यास. रात्री साडेदहाला झोप. कायम दोघांची जोडी, तीही वरून ठरलेली. जोडीदाराशी पटो न पटो, त्याला नजरेआड करायचं नाही. प्रेमप्रकरणं बंद. घरी फोन पूर्वी फक्त नाताळला आणि मातृदिनाला करता यायचा, 2019 पासून दर आठवड्याला करता येतो. (आपल्याकडच्या आयांनी वर्षाला दोन फोन चालवून घेतले असते का, देव जाणे!)

बाकी वेळ सायकल आणि नकार. जपानी माणूस खेकसत नाही. इंटरकॉमवरून गोड आवाजात ‘नको’ म्हणतो, की संपलं. आयडाहोचा एक मुलगा वैतागून म्हणाला होता, ‘शिव्या दिल्या असत्या तर निदान बोलणं तरी झालं असतं.’ त्यातून कोणी घरात घेतलंच, तर 1820 च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला झालेलं देवाचं दर्शन समजावायचं, तेही मोडक्या जपानीत, ख्रिस्ती लोक शेकडा एक-दीडच असलेल्या देशात. म्हणजे ‘देव’ इथपासूनच सुरुवात. पूर्वजांच्या वंशावळीचा विषय निघाला की मात्र म्हातारी माणसं सरसावून बसायची. मॉर्मन लोक मृत पूर्वजांसाठीही बाप्तिस्मा करतात, म्हणून वंशावळी जमवण्यात ते पटाईत.

एकदा दोघांना जेवायला बोलावलं. बायकोने सवयीने आधी चहा पुढे केला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, कान लाल झाले. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य! मग आलं घालून दूध दिलं, ते दोन-दोन कप रिचवलं. वरणभातावर तर असे तुटून पडले की आम्ही पुन्हा कुकर लावला.

खरं शिकवणं मी पाहिलं ते इंग्रजी वर्गात. निवृत्त आजोबा ‘इथे द का आणि तिथे अ का?’ विचारायचे आणि जन्मजात इंग्रजी बोलणारं ते पोर गडबडून माझ्याकडे बघायचं. आमचं शाळेत घोकलेलं व्याकरण तिथे कामी आलं. शेवटची दहा मिनिटं धर्माची. फुकट इंग्रजीला धर्म जोडणं मला आजही पटत नाही. पण तेवढ्यात कोणी उठून गेलं तरी ती मुलं हसून निरोप द्यायची, हेही खरं.

बाप्तिस्मा घेणारे माझ्यासमोर फारच थोडे. भाषा मात्र पक्की होते. केंट गिल्बर्ट नावाचा अमेरिकन असाच 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मिशनवर जपानला आला आणि 1980 च्या दशकात तिथल्या टीव्हीवर घराघरात पोहोचला. तुमच्या शेजाऱ्याचा मुलगा तेवढा गाजेल असं नाही, पण परत येईल तेव्हा स्वतःचे कपडे धुणारा आणि जपानीत गप्पा मारणारा असेल, एवढं त्याच्या आईला बिनधास्त सांगा.