विजापूरची जामा मशीद बघायला जाताना

आईवडील आणि दोन मुलांना घेऊन तुम्ही डिसेंबरात विजापूरला निघालाय. गोल घुमटानंतर जामा मशीद बघायची आहे, पण आपल्याला आत सोडतात का आणि काय पाळावं लागतं, असं तुम्ही विचारलंय. सोडतात. नक्की जा. मी सोलापूरची. आमच्यापासून विजापूर शंभरेक किलोमीटर, त्यामुळे घरी आलेल्या पाहुण्यांना घेऊन माझ्या तिथे बऱ्याच फेऱ्या झाल्या आहेत.

एक गोष्ट आधी मनाशी पक्की करा. गोल घुमट ही मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. तिथे मुलं वरच्या सज्जात ओरडून प्रतिध्वनी ऐकतात, सगळेच ऐकतात. मशिदीत मात्र आजही रोज पाच वेळा नमाज होते. घुमटावरून थेट मशिदीत आलेली मुलं त्याच उत्साहात असतात आणि आत शिरताच हाका मारायला लागतात. म्हणून दोन्हींच्या मध्ये जेवण किंवा निदान चहा ठेवा आणि तेव्हाच मुलांना समजावून सांगा.

वेळ सकाळची धरा, नऊ ते अकरा. दुपारची नमाज एक ते दोनच्या दरम्यान असते. शुक्रवारी तर बारा ते अडीच तिकडे फिरकूच नका, जुम्म्याला पटांगणसुद्धा भरलेलं असतं. चप्पल-बूट सांगतील तिथे काढा. आईंसाठी मोजे जवळ ठेवा, डिसेंबरात सकाळची फरशी गार असते. कपडे अंगभर हवेत. बाबांना हाफ पँट नको, बायकांनी डोक्यावर पदर किंवा ओढणी घ्यावी. बायकांना पुढे कुठवर जाता येईल हे तिथल्या माणसाला विचारा. मराठीत विचारलं तरी बहुतेकांना कळतं.

आता आपली माणसं हमखास गोंधळतात ते सांगते. आपल्याला दर्ग्याची सवय असते. तिथे आपण फुलं वाहतो, चादर चढवतो, उदबत्ती लावतो, डोकं टेकवतो. मशिदीत यातलं काहीच नसतं. आत कबर नाही, मूर्ती नाही, वाहायची जागा नाही. पश्चिमेच्या भिंतीतला कोनाडा, म्हणजे मिहराब, फक्त मक्केची दिशा दाखवतो. आई नारळ किंवा हार घ्यायचा म्हणाल्या तर त्यांना हे प्रेमाने सांगा. आपोआप हात जोडले गेले तर कुणी रागावत नाही, पण गप्प उभं राहिलं तरी पुरतं.

जमिनीकडे नीट बघा. आतल्या गिलाव्याच्या जमिनीवर काळ्या रेघांनी चौकटी आखल्या आहेत. एकेक चौकट म्हणजे एका माणसाची नमाजाची जागा, मुसल्ला. अशा सव्वादोन हजारांवर चौकटी आहेत. औरंगजेबाने 1686 मध्ये विजापूर घेतल्यावर इथले गालिचे नेले आणि त्यांच्या जागी या रेघा आखल्या, असं सांगतात. त्या चौकटींत कपाळ टेकवतात. हे एकदा कळलं की माणूस तिथे पाय जपून टाकतो, पाण्याची बाटलीही सांडू देत नाही. मुलांना हे नक्की दाखवा, माझ्या भाच्याला तेवढ्यानेच सगळं समजलं होतं.

त्याच भाच्याची गोष्ट. एक म्हातारे गृहस्थ खांबाजवळ एकटेच नमाज पढत होते, पुढ्यात काठी आडवी ठेवून. हा त्यांच्या समोरून धावणार, इतक्यात दुसऱ्या एका चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला मागून वळसा घालून नेलं. नमाज पढणाऱ्याच्या पुढून जात नाहीत, हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. माझीच चूक होती, मी माफी मागितली. नमाज संपल्यावर त्या म्हाताऱ्यांनीच भाच्याला जवळ बोलावलं आणि मिहराब कुठून चांगला दिसतो ते दाखवलं.

तो मिहराब चुकवू नका. पडदा असला तर तो आपल्या हाताने सरकवू नका, तिथल्या माणसाला विनंती करा. मशीद पहिल्या अली आदिलशहाने बांधायला घेतली, दख्खनच्या सुलतानांनी विजयनगरला हरवलं त्या तालिकोटच्या 1565 च्या लढाईनंतर. मिहराबावरचं सोनेरी आणि रंगीत काम मात्र 1636 चं, मुहम्मद आदिलशहाच्या काळातलं. त्यात कोनाडे, फुलदाण्या, पुस्तकं रंगवली आहेत, आणि आयुष्याचा भरवसा धरू नका अशा अर्थाच्या फारसी ओळी आहेत. ते काम करवून घेणाऱ्याचं नाव तिथेच कोरलंय, याकूत दाबुली. दाबुल म्हणजे आपलं कोकणातलं दाभोळ. मला दर वेळी तिथे थांबून ते नाव आठवावंसं वाटतं.

फोटो इमारतीचे काढा, फ्लॅश न वापरता. नमाज पढणाऱ्यांचे किंवा हौदावर वजू, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं, करणाऱ्यांचे काढू नका, आणि मिंबरच्या, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठाच्या, पायऱ्यांवर मुलांना फोटोसाठी बसवू नका. हौदात हातपाय धुवायचा मोह टाळा. अजान झाली तर घाईने पळायची गरज नाही, शांतपणे पटांगणाच्या कडेने बाहेर या. आईंना गुडघ्यांमुळे बसायचं असेल तर बाजूच्या कमानींखाली बसवा. तिथून मोठा घुमट आणि त्याच्या पायाशी कमळाच्या पाकळ्यांसारखी नक्षी निवांत दिसते.