ग्रिडला झेपेल हो, खरा प्रश्न गल्लीतल्या डीपीचा आहे

तुम्ही विचारलंय की उद्या सगळ्यांनीच पेट्रोल डिझेल सोडून इलेक्ट्रिक गाड्या घेतल्या तर एवढी वीज आणायची कुठून, आणि अख्खं ग्रिडच, म्हणजे देशभरचं विजेचं जाळंच, बसणार नाही का. मी वीज वितरणाच्या कामात आहे, म्हणजे पॉवर प्लांटवर नाही, सबस्टेशनपासून तुमच्या मीटरपर्यंत जो शेवटचा टप्पा असतो ना तिथे, त्यामुळे हा प्रश्न लोक मला सारखा विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकते. वीज पुरेल. ती किती लागणार याची मला फारशी काळजी नाही, काळजी आहे ती किती वाजता लागणार आणि कुठल्या वायरीतून जाणार याची.

आधी साधा हिशोब करू. नेहमीची इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये साधारण ६-७ किलोमीटर जाते. दिवसाला ४० किलोमीटर रनिंग धरलं तर ६ युनिट, चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून ७ म्हणा. आता एखाद्या देशात अशा १ कोटी गाड्या आहेत असं समजा, रोजचे ७ कोटी युनिट झाले. आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण दिवसभरात सारखा वाटला तर तो जेमतेम २,९०० मेगावॉट भरतो, म्हणजे दोन-तीन मोठे पॉवर प्लांट. तेच ७ कोटी युनिट फक्त रात्रीच्या ८ तासांत द्यायचे म्हटले तर साधारण ८,७५० मेगावॉट. आणि सगळ्यांनी संध्याकाळी ७ वाजता घरी येऊन एकाच वेळी ७ किलोवॉटचे चार्जर चालू केले तर ७०,००० मेगावॉट! गाड्या त्याच, युनिट तेवढेच, फक्त वेळ बदलली. तुमच्या प्रश्नातलं निम्मं उत्तर मला तरी या तीन आकड्यांतच दिसतं.

अर्थात तो ७०,००० वाला प्रकार प्रत्यक्षात कधीच होत नाही, कारण कोणी ६ ला येतं कोणी १० ला, बरेच जण दोन-तीन दिवसांतून एकदाच चार्ज करतात, आणि ७ युनिट भरायला तासभरच लागतो. आमच्याकडे लोड काढताना हे नेहमीच धरलेलं असतं, प्रत्येक घराचा मंजूर लोड बेरीज करून कोणी ट्रान्सफॉर्मर बसवत नाही, कारण सगळ्यांचे गीझर, एसी, मोटर एकदम चालू नसतात.

वीज पुरेल असं मी का म्हणते तेही सांगते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगात १ कोटी ७० लाखांहून जास्त इलेक्ट्रिक कार विकल्या गेल्या, तरी रस्त्यावरच्या सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांनी मिळून जगाच्या एकूण विजेपैकी १ टक्कासुद्धा वापरली नाही. डेटा सेंटरनी त्याच वर्षी साधारण दीड टक्का वापरली. ब्रिटनमध्ये विजेची कमाल मागणी २००२ मध्ये ६२ गिगावॉटच्या (६२,००० मेगावॉटच्या) आसपास होती, नंतर उपकरणं सुधारली तशी ती कमी होत गेली, आणि तिथलं ग्रिड चालवणाऱ्या नॅशनल ग्रिड कंपनीचंच म्हणणं होतं की सगळे एका रात्रीत इलेक्ट्रिकवर गेले तरी मागणी १० टक्क्यांच्या आसपास वाढेल, म्हणजे २००२ च्या पातळीच्या आतच राहील. शिवाय हे एका रात्रीत होणारच नाही, गाड्यांचा ताफा बदलायला पंधरा-वीस वर्षं जातात. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकांत फ्रीज, एसी, टीव्ही घरोघरी येत होते तेव्हा विजेची मागणी वर्षाला ७-८ टक्क्यांनी वाढत होती, म्हणजे दर दहा वर्षांत दुप्पट, आणि ते तेव्हा उभं केलं गेलंच की.

आता खरी भानगड. ती वरच्या ४०० केव्हीच्या लाईनमध्ये नाही, खाली तुमच्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे घरांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर आहे. उदाहरण घेऊ, २०० केव्हीएचा (ढोबळमानाने २०० किलोवॉट पेलणारा) ट्रान्सफॉर्मर आहे, त्यावर ८० घरं आहेत, संध्याकाळी लोड १५० पर्यंत जातो आणि रात्री २ वाजता ६० वर येतो. या ८० पैकी फक्त १० घरांनी ७ किलोवॉटचे चार्जर बसवले आणि दहाही जणांनी संध्याकाळी लावले तर १५० चे २२० झाले, ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड. म्हणजे देशाचं ग्रिड एकदम ठणठणीत असताना तुमच्या गल्लीची लाईट जाऊ शकते, आणि लोक म्हणणार बघा ईव्हीमुळे ग्रिड बसलं. पण तीच ८०च्या ८० घरं ईव्हीवर गेली आणि ५६० युनिट रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत शिस्तीत वाटले तर तासाला ८० युनिट, म्हणजे ८० किलोवॉट होतात, ६० अधिक ८०, १४०. संध्याकाळच्या नेहमीच्या लोडपेक्षाही कमी! दहा गाड्या बेशिस्तीत लावल्या तर डीपी ओव्हरलोड होतो आणि ऐंशी गाड्या शिस्तीत लावल्या तर काहीच होत नाही, हे मी सांगते तेव्हा लोकांना खरं वाटत नाही, पण वरची बेरीज तुम्हीच करून बघा.

यातही एक मेख आहे जी इंटरनेटवरच्या बहुतेक चर्चांमध्ये सुटते. डीपी रात्री नुसता रिकामा बसलेला नसतो, तो थंड होत असतो. आत तेल असतं आणि वाइंडिंगवर (तारांच्या गुंडाळीवर) कागदाचं इन्सुलेशन असतं, आणि तो कागद उष्णतेने म्हातारा होतो. ढोबळ नियम असा की आतल्या सगळ्यात गरम जागेचं तापमान साधारण ६ अंशांनी वाढलं की त्या कागदाचं वय दुप्पट वेगाने वाढायला लागतं. आजवर दिवसभर तापायचं आणि रात्री निवायचं या चक्रावरच हे ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं टिकत आले. रात्रभर गाड्या चार्ज व्हायला लागल्या की ती विश्रांती गेली, म्हणजे १४० हा आकडा २०० च्या आत असला तरी रोज रात्री तोच लोड आणि वर उन्हाळ्याची गरम हवा, तर आयुष्य कमी होणारच. म्हणून रात्री चार्ज करा म्हणजे प्रश्न मिटला असं मी म्हणत नाही, जिथे डीपी आधीच काठावर आहे तिथे मोठा बसवावाच लागेल. अजून एक, घरगुती चार्जर बहुतेक सिंगल फेज असतात, म्हणजे डीपीवरून येणाऱ्या तीन फेजपैकी एकाच तारेवर चालतात, आणि योगायोगाने गल्लीतले सगळे चार्जर एकाच फेजवर आले तर तो एक फेज ओव्हरलोड होतो आणि बाकीचे दोन रिकामे, एकूण लोड बघितला तर सगळं ठीक दिसतं. हे कनेक्शन देतानाच बघितलं तर फुकटात सुटतं, नंतर निस्तरायला त्रास होतो.

रात्रीचा स्वस्त दर दिला की काम झालं असंही अनेकांना वाटतं. नाही होत, कारण दर १२ वाजता कमी होणार म्हटलं की सगळे टायमर १२ ला लावतात आणि मग १२ वाजता मागणीचा नवीनच उच्चांक तयार होतो, तोही एका सेकंदात. ब्रिटनने यावर मला फार आवडलेला उपाय केला. जून २०२२ पासून तिथे विकला जाणारा घरगुती चार्जर स्मार्टच असला पाहिजे, तो सुरुवातीच्या सेटिंगलाच गर्दीच्या वेळा टाळतो, आणि चालू होताना शून्य ते १० मिनिटांमधला कुठलाही वेळ मनानेच थांबतो, प्रत्येक चार्जरचा वेळ वेगळा. मालकाला काही फरक पडत नाही, पण लाखो चार्जर एका क्षणी ग्रिडवर पडत नाहीत. आमच्या कामात ही खूप मोठी गोष्ट आहे, कारण ग्रिडवर वीज जितकी लागते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते, ते संतुलन बिघडलं की फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची ठरलेली लय, हलते.

नॉर्वेचं उदाहरण सगळेच देतात, मीही देते पण एक सूचना देऊन. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या आणि ग्रिड काही कोसळलं नाही. पण तिथली बहुतेक वीज जलविद्युत आहे आणि घरं थंडीत विजेवरच गरम करतात, म्हणजे घरापर्यंत येणाऱ्या तारा आणि डीपी आधीपासूनच दणकट. जिथे घराचा मंजूर लोडच २-३ किलोवॉट आहे तिथे नॉर्वेत झालं म्हणजे इथेही होईल असं म्हणणं चुकीचं आहे. त्यांच्याकडून घ्यायचंच तर दराची पद्धत घ्या, जुलै २०२२ पासून तिथे नेटवर्कच्या बिलात एक भाग तुम्ही महिन्यातल्या सगळ्यात जास्त लोडच्या तासांत (बहुतेक ठिकाणी तीन वेगवेगळ्या दिवसांच्या सरासरीने) किती लोड घेतला यावर ठरतो, त्यामुळे ओव्हन, गीझर आणि गाडी एकदम लावायची सवय लोक आपोआप सोडतात.

कॅलिफोर्नियाचा किस्सा पण नेहमी येतो, २०३५ पासून नव्या पेट्रोल कार बंद म्हणाले आणि आठवड्याच्या आत लोकांना गाड्या चार्ज करू नका म्हणाले. ऑगस्टच्या शेवटी, २०२२ मध्ये, हे झालं हे खरं आहे. पण विनंती होती दुपारी ४ ते रात्री ९ या वेळेत टाळा अशी, आणि ती फक्त गाड्यांसाठी नव्हती, एसीचं तापमान वाढवा, मोठी उपकरणं लावू नका हेही त्यातच होतं. उष्णतेची लाट होती, ६ सप्टेंबरला मागणी ५२ हजार मेगावॉटच्या वर जाऊन विक्रम झाला, आणि तो मुख्यतः एसीचा होता. मला तर यात उलटंच दिसतं, एसी ५ तास बंद ठेवा म्हणालात तर माणसाचे हाल होतात, गाडी ५ तासांनी चार्ज झाली तर कोणाला पत्ताही लागत नाही. इतका मोठा आणि इतका सरकवता येणारा लोड घरात दुसरा नाही. जिथे सोलर भरपूर आहे तिथे तर दुपारी वीज जास्त होते आणि सूर्य मावळला की एकदम तुटवडा, तिथे ऑफिसच्या पार्किंगमध्ये दुपारी चार्ज होणाऱ्या गाड्या ग्रिडला मदतच करतात.

गाडीतून उलटी वीज ग्रिडला द्यायची, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण कमेंटमध्ये कोणीतरी विचारेलच. तंत्र चालतं, जपानमध्ये निसानने २०१२ मध्येच आपल्या लीफ या इलेक्ट्रिक कारमधून घराला वीज देणारी यंत्रणा विकायला काढली होती. लाईट गेल्यावर घरासाठी उत्तम. पण माझ्या मते त्याची चर्चा गरजेपेक्षा जास्त होते, नुसतं चार्जिंग योग्य वेळेला सरकवलं तरी बराचसा फायदा मिळतो आणि त्याला महागडा चार्जर लागत नाही.

मला जास्त धास्ती ट्रक आणि हायवेवरच्या फास्ट चार्जिंगची आहे. १५० किलोवॉटचे १० चार्जर म्हणजे दीड मेगावॉट, त्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि हाय टेन्शन लाईन लागते. ट्रकसाठी जी मेगावॉट चार्जिंगची पद्धत येतेय तिची मर्यादा एका ट्रकला ३.७५ मेगावॉटपर्यंत आहे, आणि हे लोक रात्री २ पर्यंत थांबणार नाहीत, त्यांना आत्ता पाहिजे. चार्जर चार महिन्यांत बसतो पण त्याला लागणारी लाईन, जागा आणि सबस्टेशन उभं व्हायला वर्षं जातात. नेदरलँड्समध्ये आज हजारो व्यवसाय नव्या किंवा वाढीव कनेक्शनच्या रांगेत आहेत, त्याला सोलर आणि उद्योगांचं विजेवर जाणं पण कारणीभूत आहे, पण देश श्रीमंत आहे म्हणून तार आपोआप जाड होत नाही. बसचं त्यामानाने सोपं असतं, चीनमधल्या शेनझेन शहराने २०१७ च्या शेवटापर्यंत १६ हजारांहून जास्त बस इलेक्ट्रिक केल्या, कारण बस ठरलेल्या डेपोत रात्री येतात आणि एका मोठ्या कनेक्शनवर त्यांचं वेळापत्रक लावता येतं.

तुम्ही स्वतः गाडी घ्यायचा विचार करत असाल तर ७ किलोवॉटच्या चार्जरचा हट्ट धरू नका. रोजच्या ४० किलोमीटरला ३.३ किलोवॉटचा चार्जर दोन-सव्वादोन तासांत पुरतो आणि रात्र आठ तासांची असते. मंजूर लोड वाढवायचा अर्ज मात्र चार्जर बसवायच्या आधी करा, कारण कुठल्या डीपीवर किती गाड्या येताहेत हे आम्हाला त्या अर्जावरूनच कळतं, न सांगता लावलेला चार्जर आम्हाला फ्यूज उडाल्यावरच सापडतो.