भर उन्हाळ्याच्या दुपारी घरी सिनेमा कसा बघावा?

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आठ दिवस आईवडिलांकडे जाणार आहात, दुपारी घराबाहेर पाऊल टाकता येत नाही, तर सगळ्यांनी मिळून सिनेमे बघायचे म्हटलं तर काय बघावं आणि कसं. मी अकोल्याची. दर उन्हाळ्यात माहेरी माझं हेच चालतं, म्हणून लिहिते.

आधी खोलीकडे बघा. खोली तापलेली असेल तर कितीही चांगला सिनेमा अर्ध्या तासात नकोसा होतो. आमच्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो आणि हवा कोरडी ठणठणीत. अशा हवेतच कूलर खरा काम करतो. कूलरच्या बाजूंना लावलेल्या ओल्या ताट्यांमधून गरम वारा आत येताना पाण्याची वाफ होते आणि वाऱ्यातली उष्णता त्यात खर्ची पडते. पण ही ओलसर हवा बाहेर जायला वाट लागते. पुष्कळ जण गारवा जाईल म्हणून दारंखिडक्या लावून घेतात, मग अंग चिकचिकतं. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. कूलरचा पाण्याचा टप जेवणाआधीच भरून घ्या. ताट्या वाळ्याच्या मिळाल्या तर त्याच लावा, पहिलं पाणी सुटल्यावर खोलीभर पसरणारा तो वास मला अजूनही सुट्टी लागल्याचा वास वाटतो. (तुमचे आईवडील कोकणात किंवा मुंबईत असतील तर हे सगळं सोडून द्या, तिथल्या दमट हवेत कूलर निरुपयोगी.)

जेवण हलकं, वर ताक किंवा पन्हं. आमरस रात्रीसाठी ठेवा, रस खाल्ला की डोळे मिटतात.

आणि दिवसाला एकच सिनेमा. एका दुपारी तीन बघायचा हट्ट मी केलेला आहे, संध्याकाळी एकाचीही गोष्ट धड सांगता येत नव्हती.

काय बघावं, याचं माझं उत्तर आमच्या घरातून आलंय. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर रविवारी दुपारी, कर्णबधिरांच्या बातम्या झाल्या की प्रादेशिक सिनेमा लागायचा. दर आठवड्याला वेगळी भाषा. मराठीची पाळी यायला बरेच रविवार जायचे. पण आमच्या घरी कुठल्याही भाषेच्या दिवशी शेजारची दहाबारा माणसं जमायची, कारण माझे बाबा शाळामास्तर आणि त्यांना इंग्रजी यायचं. लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही, त्याच्याजवळ स्टुलावर बाबा. खाली इंग्रजी ओळ उमटली की ते ती मोठ्याने वऱ्हाडीत सांगायचे. मल्याळी नावाडी, आसामी शेतकरी, सगळे आमच्या गल्लीतल्या माणसांसारखे बोलायचे. सिनेमा कळायला भाषा यावी लागते, असं मला त्यामुळे कधीच वाटलं नाही.

आता बाबांना काचबिंदू आहे. उजेड, सावल्या कळतात, अक्षरं नाही. त्यामुळे स्टुलावर मी बसते, त्यांच्या कानाशी. ओळी वाचते आणि पडद्यावर काय चाललंय तेही सांगते. हे करायला लागल्यावर कळलं की भराभर कापलेले, सतत बोलणारे सिनेमे सांगता येत नाहीत. जुने, सावकाश चालणारे येतात. तुमच्या घरात वयस्कर माणसं आहेत म्हणून मुद्दाम सांगते, त्यांची नजर चांगली असली तरी असाच सिनेमा निवडा.

मागच्या मेमध्ये आम्ही 'पथेर पांचाली' पाहिला. सत्यजित राय यांचा १९५५ चा, दोन तासांचा बंगाली सिनेमा, दुर्गा नावाच्या खेड्यातल्या मुलीच्या घराचा. बाहेर नवतपा, म्हणजे मेअखेरचे भाजून काढणारे नऊ दिवस, आणि पडद्यावर पाऊस येऊ घातलेला. तळ्याच्या पाण्यावर किडे सरकतायत, गळ टाकून बसलेल्या टकल्या माणसाच्या डोक्यावर पहिला थेंब पडतो. मी हे सांगत होते तर बाबा म्हणाले, "पानी आलं काय माय?" म्हटलं, "आलं बाबा. दुर्गा केस मोकळे सोडून भिजून राह्यली." त्यांनी मान मागे टाकली आणि बराच वेळ काही विचारलं नाही. कूलरचा वारा, वाळ्याचा वास आणि तो पाऊस. त्या दुपारीइतका गारवा मला एसीच्या खोलीत कधी मिळालेला नाही.

एक अडचण राहते. कूलरच्या आवाजात सिनेमाचा आवाज बुडतो. म्हणून तो कमी वेगावर ठेवा आणि त्याचं बटण रिमोटसारखं हाताशी असू द्या. त्या दुपारी ते कामी आलं. सिनेमात पुढे त्याच भिजण्यातून दुर्गाला ताप येतो आणि ती जाते. वडील हरिहर परगावी असतात, त्यांना ठाऊकच नसतं. परत येऊन ते तिच्यासाठी आणलेली साडी दाखवतात आणि आई कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई या तंतुवाद्याचा सूर आहे. तिथे मी उठून कूलर बंद केला. तोंडात आलेली वाक्यंही गिळली.

"पोरगी गेल्याचं समजलं त्याले," बाबाच म्हणाले.

खोली पाचेक मिनिटांत तापायला लागली. आईने पदराने मानेवरचा घाम पुसला. सिनेमा संपेपर्यंत कूलर लाव म्हणून कुणी म्हटलं नाही.